भेटायची वेळ: चार ते सहा (अनुभव धागा)

आण्णांच्या बायपासला उद्या तीन आठवडे होतील. भाऊ मुक्कामाला आणि मी चार ते सहाची, गळ्यात पास अडकवून येणारी. पहिल्या दिवशी आयसीयूच्या दाराशी चपला काढल्या, गाऊन चढवला, आत गेले आणि काय बोलावं तेच सुचेना. आण्णांनी डोळे उघडून विचारलं, "गाडी कुठे लावलीस?" मी म्हटलं, रिक्षाने आले. झाला संवाद.

वॉर्डात आणल्यावर मात्र मला काम मिळालं. श्वासाच्या व्यायामाचं, तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र पाहिलंय ना? तीन कप्पे, त्यांवर ६००, ९००, १२०० असे आकडे, प्रत्येकात एकेक गोळी. सिस्टर म्हणाल्या, तासातासाला करायचं. आण्णा दोन दिवस इमानेइतबारे फुंकत होते. गोळ्या ढिम्म. "बिघडलेलं दिलंय, बदलून आण," म्हणाले आणि मी खरंच ते घेऊन मेडिकलवाल्याकडे निघाले होते. दारात फिजिओची मुलगी भेटली. ती हसायलाच लागली. "आजोबा, फुंकायचं नाही हो. स्ट्रॉने उसाचा रस ओढतो तसं ओढायचं." आण्णांनी ओढलं आणि पहिली गोळी टुणकन वर!

छाती दुखते म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, फुप्फुसं खालपर्यंत उघडत नाहीत आणि कफ साठतो, हे तिनेच समजावलं. खोकला आला की उशी छातीशी कवटाळायची, कारण मधलं हाड कापून तारेने शिवलेलं असतं. तेव्हापासून माझे दोन तास म्हणजे गोळ्या मोजणं. रोज निघताना भावाला स्कोअर सांगायचा.

बाकी पाहुण्यांचा एकच प्रश्न: ऑपरेशन हृदयाचं, मग पट्टी पायाला कशी? पायातली शीर काढून तिकडे जोडलीय, हे आण्णा इतक्यांदा सांगून दमले की शेवटी "पडलो" म्हणायला लागले.

तुम्हीही लिहा. सल्ले नकोत, झालेलं सांगा.

पेठेतली

माझ्या आजीचं खुब्याचं हाड मोडलं. वय ८३, न्हाणीघरात पाय घसरला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, छान पार पडलं. तिसऱ्या रात्री मी सोबतीला होते. दोनच्या सुमाराला तिने सलाईनची नळी ओढली आणि ओरडायला लागली, "पाणी आलंय, पोरांना माळ्यावर चढवा!" पानशेतचं पाणी. १२ जुलै १९६१ला ती नव्याने लग्न होऊन आलेली होती, ते सगळं तिच्यासमोर परत उभं राहिलं. मला ओळखेना. मी आपली समजावतेय, आजी, तू दवाखान्यात आहेस, धरण वगैरे काही फुटलेलं नाही. त्यावर ती जास्तच चिडली. "तुला काय कळतंय, तू कोण?"

मला वाटलं, संपलं, हिचं डोकं गेलं.

सकाळी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "चष्मा कुठे आहे यांचा? आणि कानाचं मशीन?" दोन्ही घरी. हरवायला नको म्हणून मीच पिशवीत घालून नेलं होतं. ते म्हणाले, या वयात ऑपरेशननंतर असा भ्रम होतो. दुखणं, औषधं, झोपमोड, त्यात दिसत नाही नि ऐकू येत नाही. दिवसा पडदे उघडे ठेवा, समोर घड्याळ लावा, ओळखीचं माणूस जवळ असू द्या आणि वाद घालू नका. त्या रात्री ती पुन्हा म्हणाली, पाणी आलंय. मी म्हटलं, हो, पण ओसरतंय आता. झोपली.

चार दिवसांनी पूर्ण शुद्धीवर आल्यावर मलाच विचारते, "रात्री कोण बाई एवढी ओरडत होती गं?"

मिरजवाला

काकांच्या आतड्याचं ऑपरेशन. आमच्या मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. वॉनलेस १८९४चं, आणि त्याच्या मागोमाग गावभर झाले. शेजारच्या बेडवर अथणीचे आजोबा, त्यांच्या घरचे कन्नड बोलणारे. भाकरी मात्र दोन्हीकडची एकाच ताटात.

काकांना पाणीसुद्धा बंद, आणि येईल तो मोसंबी नाहीतर शहाळी घेऊन. बेडखाली बाजार भरला. डॉक्टर दोन्ही वेळा येऊन विचारायचे, वारा सरला का? तो सरल्याशिवाय तोंडातून काही नाही. मग हळूहळू भेटायला येणारे पण तेच विचारायला लागले. व्याही, सरपंच, काकांची शाळेतली मैत्रीण! तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन आला, नुसता एक शब्द: "सरला!" घरात टाळ्या वाजल्या. अथणीवाल्यांनी आमच्या आधी पेढे मागवले, जे काकांना अर्थातच मिळाले नाहीत.

वैतागलेला

आमचा अनुभव डिस्चार्जचा. सकाळी नऊला "आज घरी" म्हणाले. वडिलांनी लगेच शर्ट-पॅंट चढवली, बूट घातले, टोपी घातली आणि बेडच्या काठावर बसले. विम्याची मंजुरी आली संध्याकाळी सातला. कॅशलेसला तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची, हा इर्डाचा (विमा नियामकाचा) २०२४चा नियम मी काउंटरवर फोनमध्ये काढून दाखवला. "सर, सिस्टीम स्लो आहे." वडील दहा तास बूट काढायला तयार नाहीत. म्हणे, काढले तर परत ठेवून घेतील.

जळगावची

आईच्या जिभेचं ऑपरेशन मुंबईत टाटाला झालं. आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरलो होतो. आईच्या नाकात नळी, बोलणं बंद. मी मोठ्या हौसेने मुलाची पाटी आणि खडू घेऊन गेले. वाटलं, काय लिहील? दुखतंय, भीती वाटते, असं काहीतरी. आईने बराच वेळ खडू धरून ठेवला आणि लिहिलं, "दूधवाल्याचे दिले का?"

दिले होते. तरी मी बाहेर जिन्यात जाऊन रडले.

धागाकर्ती

किती छान लिहिताय सगळे. जळगावची, आईंना नमस्कार सांग.

आण्णा घरी मजेत आहेत. तिसरी गोळी अजून उडालेली नाही. पण यंत्र टीपॉयवर ठेवलंय आणि भेटायला आलेल्या प्रत्येकाला विचारतात, सांगा बरं, हे कसं वापरायचं? समोरचा "फुंकायचं" म्हणाला की असे खूश होतात!