जपानमधलं भलंमोठं आईस्क्रीम: तुम्ही कुणाबरोबर खाल्लंत?

मिरजेची_मृण्मयी: आज ड्रॉवर आवरताना कागदातल्या लाकडी चॉपस्टिक सापडल्या आणि एकदम हानामाकी आठवलं. आम्ही तेव्हा मोरिओकाला होतो, तिथे मराठी बोलायला कुणीच नाही, त्यामुळे नवऱ्याच्या लॅबमधली बंगाली मुलगी, एक नेपाळी जोडपं आणि शेजारच्या जपानी आजी हेच आमचं गणगोत. आजींनीच एका रविवारी सगळ्यांना ट्रेनमध्ये घातलं आणि हानामाकीच्या मारुकान बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावरच्या मोठ्या जेवणघरात नेलं. तिथलं सॉफ्ट आईस्क्रीम म्हणजे इवल्याशा कोनवर एकावर एक दहा वेढे, उंची जवळपास 25 सेंटीमीटर! ते चाटायचं नाही, चॉपस्टिकने कडेकडेने तोडून खायचं. बंगाली मुलीने कोन धरला आणि आम्ही सगळे चारी बाजूंनी तुटून पडलो, आजी मध्येच ओरडायच्या, इकडून खा, झुकतंय! 2016 मध्ये तिथलं डिपार्टमेंट स्टोअर बंद झालं तेव्हा हायस्कूलच्या मुलांनी सह्या गोळा केल्या होत्या, आणि 2017 च्या फेब्रुवारीत जेवणघर परत सुरू झालं. ऐकून इतका आनंद झाला होता. आजी आता नाहीत. सांगा ना तुमचेही अनुभव.

निशिकासाईकर: टोकियोतल्या नाकानो ब्रॉडवेचं तळघर!! तिथल्या डेली चिको दुकानाचं आठ फ्लेवरचं. ऑफिस सुटलं की आम्ही पोरं जायचो, एकच घ्यायचं आणि चमचे मागून घ्यायचे. माचा (हिरव्या चहाचा फ्लेवर) कुणाचा यावरून दर वेळी भांडण. खालपर्यंत जाईतो सगळं एकत्र वितळलेलं असायचं आणि तोच भाग मला सगळ्यात आवडायचा

खमंग_थालीपीठ: आमचा हनी टोस्ट, कराओकेमधला. अख्खा जाडजूड पाव, आतला गर काढून चौकोनी तुकडे करून बटर लावून भाजतात आणि परत त्याच पावात भरतात, वर मध आणि आईस्क्रीम. व्हिएतनामी मैत्रीण, मी आणि दोन कोरियन मुली. मशीनवर मराठी गाणी कुठली असायला, मग मी फोनवर ट्रॅक लावून लावणी म्हटली, त्या तिघी ठेक्यावर टाळ्या वाजवत होत्या. अजून बोलतो आम्ही. बाळ उठलं, नंतर लिहिते

कोथरूडची_काकू: माझा मुलगा सेंदाईला आहे, पार्फेचे, म्हणजे उंच ग्लासातल्या आईस्क्रीमचे, फोटो पाठवतो, पण आम्ही अंडंसुद्धा खात नाही म्हणून विचारते, त्यात काय काय असतं?

निशिकासाईकर: काकू, पुरिन, म्हणजे कस्टर्डचं पुडिंग, असेल तर अंडं असतंच. जेली आणि मार्शमेलोत बहुतेक वेळा जिलेटिन, ते प्राण्यांपासूनचं. केक, वेफर पण विचारूनच. त्यापेक्षा त्याला आनमित्सु खायला सांगा, त्यातले पारदर्शक चौकोन कांतेनचे, म्हणजे समुद्री शेवाळाचे असतात. वर गोड लाल चवळीसारखा आझुकी, फळं आणि काळा पाक.

दर्या_किनारी: कागोशिमाचा शिरोकुमा राहिला की! बर्फाचा किस, वर कंडेन्स्ड मिल्क, संत्र्याच्या फोडी, चेरी, मनुका, वरून बघितलं की अस्वलाचं तोंड. तेनमोनकानमधल्या मुजाकी दुकानात मोठा घ्यायचो. उन्हाळ्यात साकुराजिमा ज्वालामुखीची राख उडाली की छत्री उघडून चालायचं, केसात कचकच, आणि मग ते थंडगार भांडं मध्ये ठेवून सगळे वाकून बसलेले. मालवणचे दोघे होते बोटीवरचे, त्यांना पहिल्या घासातच गोळेवाला आठवला. एकाचे डोळे भरून आले, त्याची आई नुकतीच गेली होती. आम्ही त्याला मधला दुधाळ भाग दिला आणि कुणी काही बोललो नाही.

मिरजेची_मृण्मयी: दर्या, वाचून गलबललं.

साप्पोरोत_सध्या: इथे तर दारू पिऊन झाल्यावर रात्री उशिरा पार्फे खाऊन घरी जायची पद्धत आहे, शिमे पाफे म्हणतात. मी पीत नाही तरी जातो, बाहेर बर्फ असतो आणि आत सगळे पार्फे खात असतात. इथे अजून कुणी आहे का? डिसेंबरात भेटूया

खमंग_थालीपीठ: आले परत. साप्पोरो, माझी बहीण आहे तिथे, मेसेज करते तुला

कोथरूडची_काकू: निशिकासाईकर, खूप आभार रे बाळा, लगेच कळवलं त्याला. ते कांतेन म्हणजे आपलं चायना ग्रासच ना? मग मी इथे पण करून बघेन.

निशिकासाईकर: जवळपास तेच काकू! पावडर घेतलीत तर पाण्यात चांगली उकळा, नुसती गरम करून विरघळत नाही