विंडोजकडून लिनक्सकडे येताना पडलेले पहिले प्रश्न (अनुभव धागा)

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षा अद्यतनांचा पुरवठा, संपला आणि त्यानंतर माझ्या ओळखीतल्या अनेक घरांत एकच प्रश्न विचारला गेला: संगणक व्यवस्थित चालतो आहे, मग तो मोडीत का काढायचा? विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. माझा लॅपटॉप २०१६ मध्ये घेतलेला, सहाव्या पिढीचा आहे. त्यात एसएसडी बसवून घेतल्यापासून त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती, म्हणून मी लिनक्सकडे, म्हणजे विंडोजऐवजी संगणकावर बसवता येणाऱ्या विनामूल्य प्रणालीकडे, वळले.

लिनक्स कसे बसवावे याची माहिती भरपूर उपलब्ध आहे, परंतु नवख्या माणसाचे पाऊल नेमके कुठे अडते हे त्या माहितीत फारसे सापडत नाही. म्हणून ज्यांनी हा बदल केला आहे, किंवा करून पाहून सोडून दिला आहे, त्यांनी पहिल्या महिन्यात पडलेला एखादा प्रश्न आणि त्याचे स्वतःला मिळालेले उत्तर येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. आपले गाव आणि काम लिहिल्यास वाचणाऱ्याला आपल्या गरजेशी ताडून पाहता येईल.

सुरुवात माझ्यापासून करते. मी ठाण्याला असते आणि घरून भाषांतराचे काम करते. माझा पहिला प्रश्न होता, 'कोणते लिनक्स?' लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जे लिहिले ते कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि त्याभोवती निवडक सॉफ्टवेअर रचून जी तयार प्रणाली आपल्या हाती येते ती डिस्ट्रो, एवढे समजल्यावर उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट ही नावे परकी वाटेनाशी झाली. तरीही निवड करण्यात मी तीन आठवडे घालवले आणि ते वाया गेले असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी मी आठवडाभरात संगणकावर कोणकोणती कामे करते याची यादी आधी केली असती, तर निर्णय एका संध्याकाळी झाला असता. माझ्या यादीत ब्राउझर, मराठी टंकलेखन, वर्डच्या फाइली आणि स्कॅनर एवढ्याच गोष्टी निघाल्या. लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती पेन ड्राइव्हवर उतरवून, हार्ड डिस्कला हात न लावता, दोन दिवस तशीच चालवली. वायफाय, आवाज, स्कॅनर आणि झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो की नाही, हे सर्व त्या दोन दिवसांत तपासून झाले आणि मगच मी ती कायमची बसवली.

मिरज, निवृत्त मुख्याध्यापक

ताई, आपण मराठी टंकलेखनाचा उल्लेख केला, त्यावरच माझा सारा अनुभव आहे, म्हणून तो विस्ताराने लिहितो.

शाळेची वार्षिक हस्तलिखिते, निरोपाची भाषणे आणि एका स्थानिक दिवाळी अंकासाठी लिहिलेले लेख असे माझे सुमारे पंधरा वर्षांचे लेखन संगणकावर होते. लिनक्स बसवल्यावर पहिलीच फाइल उघडली आणि मराठीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांच्या ओळी दिसल्या. फाइल बिघडली असे वाटून मी घाबरलो आणि दोन दिवस दुसरी कोणतीही फाइल उघडलीच नाही. खरी गोष्ट अशी होती की ते सर्व लेखन कृतीदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होते. या पद्धतीत 'काम' असा शब्द आपल्याला दिसतो, परंतु फाइलमध्ये प्रत्यक्षात डी, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरे साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर 'क', काना आणि 'म' यांची चित्रे चढवतो. फॉन्ट नसला की मूळ अक्षरे उघडी पडतात. विंडोजवर तो फॉन्ट कोणीतरी कधीकाळी बसवून दिलेला होता, म्हणून ही गोष्ट इतकी वर्षे माझ्या लक्षातच आली नव्हती.

तात्कालिक उपाय सोपा निघाला. जुन्या संगणकावरून फॉन्टची फाइल आणली, तिच्यावर दोनदा क्लिक करून ती बसवली आणि सर्व लेख पूर्ववत दिसू लागले. मात्र असे लेखन शोधात सापडत नाही आणि दुसऱ्याला पाठवले तर त्याच्याकडेही तोच फॉन्ट असावा लागतो, म्हणून मी सर्व फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत, रूपांतरित करण्याचे ठरवले. रूपांतरकाने काम केले, परंतु रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा अनेक ठिकाणी चुकल्या. 'वर्ग' आणि 'स्थिती' असे शब्द मी एकेक करून तपासले. तीन महिने रोज सकाळी एक तास या कामाला दिला. आज ते सर्व लेखन कोणत्याही संगणकावर आणि माझ्या नातीच्या फोनवरही वाचता येते, याचे मला फार समाधान आहे.

टंकलेखनासाठी मी आयबस हे निरनिराळ्या भाषांत टंकण्याची सोय देणारे साधन वापरतो. त्यात एम१७एन हा संच घेतला की मराठीसाठी इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळमांडणीबरोबरच उच्चारानुसार टंकण्याच्या मांडण्याही मिळतात. गमभन या उच्चारानुसार टंकण्याच्या पद्धतीची सवय असलेल्यांना तीही त्यात सापडेल. मी इनस्क्रिप्ट शिकलो. पहिल्या आठवड्यात 'दुसऱ्या' हा शब्द मला लिहिता येत नव्हता, कारण साध्या 'र' ला हलन्त देऊन 'य' जोडला की रफार होऊन 'दुसर्या' असे उमटे. त्यासाठी नुक्त्याचा 'ऱ' लागतो: शिफ्ट धरून 'जे' ची कळ, मग हलन्तासाठी डी आणि शेवटी 'य' ची कळ, म्हणजे तिरपी रेघ. मराठीत 'सुऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' असे शब्द पावलोपावली येतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

लिब्रेऑफिस या वर्डसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्येही एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेथे इंग्रजी लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट शैलीमध्ये वेगवेगळे नेमावे लागतात. देवनागरी 'सीटीएल', म्हणजे गुंतागुंतीच्या मांडणीच्या लिप्या, या गटात मोडते. मी केवळ वरचा फॉन्ट बदलत राहिलो आणि मराठी मजकूर जिथल्या तिथे राहिला. तसेच मजकुराची भाषा मराठी अशी नेमली, तर काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी आपल्या मराठी वळणाची दिसतात. शाळेत गिरवलेले अक्षर पडद्यावर दिसावे असे ज्याला वाटते, त्याने ही खटपट अवश्य करावी.

अमरावती, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

सर, आपला अनुभव वाचून माझ्या आजोबांच्या फाइलींचे कोडे सुटले, त्याबद्दल आपले आभार.

माझा अनुभव दुःखद आहे, पण कोणाचे तरी नुकसान टळावे म्हणून लिहितो. मला विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचे होते. स्थापना करताना डिस्क पुसून टाकण्याचा पर्याय समोर आला. 'डिस्क' म्हणजे केवळ सी ड्राइव्ह, अशी माझी समजूत होती, कारण विंडोजमध्ये सी, डी आणि ई हे तीन वेगळे ड्राइव्ह दिसत असत. प्रत्यक्षात ते एकाच डिस्कचे तीन विभाग होते आणि त्या पर्यायाने तिन्ही गेले. डी मध्ये बाबांचे शेतीचे हिशेब आणि ताईच्या लग्नाची छायाचित्रे होती.

महाविद्यालयातल्या एका सीनियरने सांगितले की डिस्कवर यापुढे काहीही लिहू नकोस. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, फोटोरेक नावाचे, पुसलेल्या फाइली शोधणारे विनामूल्य साधन चालवून, सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर काढले. बरीच छायाचित्रे परत मिळाली, परंतु फाइलींची नावे गेली. हिशेबाच्या फाइलींपैकी काहीच उघडल्या. बाबा रागावले नाहीत, पण ते वहीत पुन्हा आकडे लिहायला बसले तेव्हा मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या वेळी मी क्रम असा ठेवला: प्रथम बाहेरच्या डिस्कवर पूर्ण प्रत घेतली आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली. नंतर विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी सोय, चालू आहे का ते बघून त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवली आणि फास्ट स्टार्टअप बंद केले. ते चालू असेल तर विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि लिनक्समधून त्याच्या विभागात लिहिता येत नाही. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून विभाग आकसून मोकळी जागा तयार केली आणि त्या जागेत लिनक्स बसवले.

त्यानंतर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडू लागले. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ आहे असे मानते, म्हणून हा नेमका भारतीय वेळेइतका फरक पडतो. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगणारी एक ओळीची आज्ञा आहे. ती दिल्यावर प्रश्न मिटला.

नाशिक, कर सल्लागार

मी लिनक्स वापरून पाहिले आणि कार्यालयात विंडोजच ठेवले. टॅलीप्राइम हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनवलेले आहे आणि माझ्या सर्व अशिलांचे हिशेब त्यातच आहेत. वाइनसारख्या, विंडोजचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या थरावर ते चालवण्याचे प्रयोग होतात, परंतु विवरणपत्राच्या अंतिम तारखेला दुसऱ्याच्या हिशेबावर प्रयोग करणे मला योग्य वाटत नाही. डिजिटल स्वाक्षरीचे टोकनही त्याच संगणकाला जोडलेले असते. घरच्या संगणकावर मात्र दीड वर्षापासून उबुंटू आहे आणि त्यात कधीतरी लागणारे विंडोज मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवले आहे. त्यासाठी आठ जीबी रॅम पुरत नव्हती. सोळा केल्यावर काम सुरळीत झाले. ऑटोकॅड किंवा फोटोशॉप यांवर ज्यांचे पोट आहे, त्यांनीही हाच विचार करावा असे मला वाटते.

फोंडा, झेरॉक्सचे दुकान

दुकानात प्रिंटर हाच जीव असतो. माझ्याकडच्या दोन प्रिंटरपैकी नवा, वायफायचा, लिनक्सने आपणहून ओळखला. लिनक्समध्ये छपाईचे काम कप्स ही व्यवस्था पाहते आणि अलीकडचे बरेचसे प्रिंटर तिला वेगळ्या ड्रायव्हरशिवाय समजतात. जुना लेझर प्रिंटर मात्र तीन रविवार खटपट करूनही चालला नाही, कारण त्याची भाषा त्या कंपनीची स्वतःची आणि लिनक्ससाठीचा ड्रायव्हर जुनाट होता. तो मी जुन्या संगणकाला जोडून ठेवला आहे. विकत घेण्याआधी प्रिंटरच्या मॉडेलचे नाव आणि 'लिनक्स' असे शोधून पाहण्यास पाच मिनिटे लागतात.

माझा येथे एक प्रश्न आहे: टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, शिकल्याशिवाय पुढे निभावते का? मला त्या काळ्या खिडकीची धास्ती वाटते.

पुणे, प्रणाली प्रशासक

दादा, निभावते. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून हवे ते बसवता येते, अद्यतने एका बटणाने होतात आणि सेटिंगच्या खिडक्या विंडोजसारख्याच आहेत. तरीही मदत करणारे लोक टर्मिनलमधल्या आज्ञा देतात, कारण कोणत्या खिडकीत कुठे क्लिक करावे हे प्रत्येक डिस्ट्रोत बदलते, तर आज्ञेची एक ओळ एकाच कुटुंबातल्या अनेक डिस्ट्रोंमध्ये तशीच चालते.

नवख्यांना तेथे दोन गोष्टी हमखास चकवतात. पासवर्ड टाइप करताना अनेक डिस्ट्रोंमध्ये पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बंद पडला असे समजून लोक खिडकी बंद करतात. तो टाइप करून एंटर दाबावा, एवढेच. दुसरी गोष्ट म्हणजे इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरे लिनक्समध्ये वेगळी मानली जातात, त्यामुळे एकाच फोल्डरात वरवर सारख्या नावाच्या दोन फाइली असू शकतात.

सुडो या शब्दाने सुरू होणारी आज्ञा मात्र समजून घेतल्याशिवाय कधीही देऊ नये, कारण ती प्रशासकाच्या अधिकाराने चालते आणि 'नक्की का?' असे बहुधा विचारत नाही. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आहे. पहिल्याच दिवशी ते चालू करावे, म्हणजे एखादे अद्यतन अंगाशी आले तर कालच्या स्थितीत परतता येते. ते प्रणालीच्या फाइली राखते, आपली कागदपत्रे नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. मराठीतून शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिब्रेऑफिसवरचे छोटे धडे मराठी आवाजात उपलब्ध आहेत. माझ्या हाताखाली आलेल्या अनेक मुलांना मी तेच पाहायला सांगतो.

रत्नागिरी, बँकेतून निवृत्त गृहिणी

माझे वय ७१ आहे. मुलाने दिवाळीत येऊन लिनक्स मिंट बसवून दिले आणि तो बंगळूरला परत गेला. दुसऱ्याच दिवशी मला सी ड्राइव्ह सापडेना. फोनवर त्याने समजावले की आई, येथे ड्राइव्हला अक्षरे नसतात. तुझे सगळे 'होम' मध्ये आहे आणि पेन ड्राइव्ह लावलास की तो डावीकडे आपोआप दिसेल. 'होम' म्हणजे आपले घर, हे मला लगेच पटले. मी त्यात पासबुके, औषधे आणि पाककृती असे तीन फोल्डर मराठी नावांनी केले.

जानेवारीत वायफाय एकाएकी दिसेनासे झाले. मुलगा कामात होता. त्याने पूर्वी एकदा सांगितले होते म्हणून मी फोन केबलने जोडला, फोनवर यूएसबी टेदरिंग चालू केले आणि इंटरनेट आले. मग खालच्या पट्टीतल्या ढालीच्या चिन्हावर नारिंगी ठिपका होता तो दाबून अद्यतने घेतली, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला आणि वायफाय परत दिसू लागले. संध्याकाळी मुलाने फोन केला तेव्हा मी त्याला हे सांगितले. तो म्हणाला, "आई, काय काय केलेस ते क्रमाने लिहून पाठव, मला कार्यालयात एकाला द्यायचे आहे." मी ते याच संगणकावर मराठीत टाइप करून त्याला पाठवले.