जमिनीवरची गादी म्हणजे हेळसांड?

शरयू_ओहायो
तीन वर्षं इथल्या बालन्यायालयात स्वयंसेवक आहे. फॉस्टर केअरमध्ये (आईबापांपासून काढून सरकारने दुसऱ्या घरी ठेवलेल्या) गेलेल्या मुलांना भेटायचं आणि जजना अहवाल द्यायचा, हे काम. अलीकडची एक फाइल (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत): कृष्णवर्णीय आई, रात्रपाळी, दोन मुलं. तपासायला आलेल्या बाईंची नोंद : "फ्रीजमध्ये अर्धं दूध, मस्टर्डची बाटली. गादी जमिनीवर." अहो, जमिनीवर गादी म्हणजे माझं अख्खं बालपण! मुलं उचलून नेली.

अमेरिकेतल्या मुलांत कृष्णवर्णीय साधारण 14 टक्के, फॉस्टर केअरमध्ये मात्र 22-23 टक्के. बहुतेक केसेसमध्ये कारण मारहाण नसतं, 'नेग्लेक्ट' असतं. माझ्या मते गरिबीलाच हेळसांड म्हणतात, आणि रंग काळा असला की जरा लवकर म्हणतात.

मेट्रन_काकू
शरयू, मी लहान मुलांच्या इमर्जन्सीत बावीस वर्षं काढली. पाठीवरचे सिगरेटचे चटके मोजलेत. नुसत्या टक्केवारीवरून भेदभाव सिद्ध होत नाही. त्या समाजात गरिबी जास्त, गरिबीत मुलांची आबाळ जास्त, मग केसेस समान कशा येतील? आणि 'वंशवादी म्हणतील' या भीतीने सोशल वर्करने हात आखडला, तर मार खाणार ते काळं पोरच.

शरयू_ओहायो
धोका मान्य, काकू. पण 2017 मधल्या एका अभ्यासाचा अंदाज बघा : अठरा वर्षांचं होईपर्यंत 53 टक्के कृष्णवर्णीय मुलांच्या घरी कधी ना कधी बालकल्याण खात्याची चौकशी होते. सगळी मुलं धरली तर 37 टक्के. निम्म्याहून जास्त घरांत चटके देतात का? त्यात 1997 चा कायदा. मूल 22 पैकी 15 महिने फॉस्टर केअरमध्ये राहिलं, की काही अपवाद सोडता पालकत्व रद्द करायचा अर्ज सरकारला करावाच लागतो. धड भाड्याचं घर मिळवण्यातच या आईचं वर्ष गेलं.

आगाऊ_बापू
2011 ची नॉर्वेची केस आठवतेय? बंगाली जोडप्याची दोन मुलं तिथल्या बालकल्याण खात्याने नेली. हाताने भरवतो, मुलाला जवळ घेऊन झोपतो, हेही कारणांत धरलं असं आईबाप सांगत होते. आपलं परराष्ट्र मंत्रालय मध्ये पडलं. तेव्हा आपल्याकडे कुणी टक्केवारी मागितली नव्हती, लगेच 'वंशवाद' म्हणून मोकळे!

मेट्रन_काकू
मी मागितली होती, बापू, आणि शिव्याही खाल्ल्या होत्या. खात्याला गोपनीयतेमुळे तोंड उघडता येत नाही, म्हणून आपण आईबापांचीच बाजू ऐकतो.

ठोंब्या
उपायाचं बोला की. न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ काउंटीत समितीपासून नाव, वंश, पत्ता झाकून निर्णय घ्यायला लागले. उचललेल्या काळ्या मुलांचा आकडा धाडकन उतरला म्हणून केवढं कौतुक झालं!

शरयू_ओहायो
मलाही ते आवडलं होतं. पण मिशिगनमध्ये संशोधकांनी तपासलं तेव्हा फारसा फरक दिसला नाही. चाळण त्याआधीच लागलेली असते : शाळेतून, दवाखान्यातून फोन कुणाबद्दल जातो तिथे. मला 1978 चा अमेरिकेतल्या मूलनिवासींसाठीचा कायदा जास्त पटतो. त्याआधी त्यांची 25 ते 35 टक्के मुलं घरापासून तोडली गेली होती. आता मूल ठेवायचं तर आधी नातलग, मग जमात, मग इतर मूलनिवासी कुटुंबं. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो 7 विरुद्ध 2 ने टिकवला.

मेट्रन_काकू
आणि दोन वर्षं ज्या बाईला 'मॉम' म्हटलं, तिच्याकडून मूल काढून केवळ रक्ताच्या नात्यापायी दुसरीकडे द्यायचं? हेही तोडणंच. नातलग आधी हे मला मान्य आहे, पण पहिल्या आठवड्यात. दोन वर्षांनी नाही.

शरयू_ओहायो
पहिल्याच आठवड्यात मावशी आली होती. तीन मैलांवर राहते. एक बेडरूम कमी म्हणून नाकारली.

मेट्रन_काकू
हे चूक आहे. तिला परत अर्ज करायला सांग. आणि मुलांचे जुने एक्स-रे असतील तर तेही माग, नुसत्या फ्रीजवर जाऊ नकोस.

शरयू_ओहायो
मागवले होते. काही निघालं नाही.