गॅरेजचं दार फळीवर आपटून परत वर जात नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत मागच्या वर्षी जुनं घर घेतलं, दोन गाड्यांचं गॅरेज आहे. पुढच्या महिन्यात आईबाबा येतायत आणि लेक आता सगळीकडे पळते म्हणून म्हटलं दार एकदा नीट चेक करूया. खाली जमिनीपासून सहा इंचांच्या आत ते दोन सेन्सर असतात ना, त्यांच्यामधे झाडू धरला तर दार लगेच वर जातं, ते ठीक. पण दाराखाली टू बाय फोरची फळी आडवी ठेवली तर दार तिच्यावर टेकून दाबतच राहतं, उलटं फिरत नाही! मग दार बंद असताना लाल दोरी ओढून ओपनर (दार वर-खाली करणारी मोटर) दारापासून सोडवला, हाताने अर्ध्यावर उचललं तर तिथे थांबायच्या ऐवजी सरळ खाली यायला लागलं, जड पण खूप लागतंय.

म्हणजे दाराचं वजन पेलणारी स्प्रिंग गेली का? की ओपनरचा फोर्स कमी करून भागेल? ओपनर १९९३ नंतरचाच आहे. वरच्या टॉर्शन स्प्रिंगला मी हात लावणार नाहीये (बायकोने आधीच दम दिलाय). दोन्ही स्प्रिंगा एकदमच बदलायच्या असतात का, आणि साधारण खर्च किती आला तुम्हाला? तोपर्यंत गाडी बाहेरच लावतोय.