आयोडीन विष ‘मारतं’ की ‘निष्क्रिय करतं’?

बॉट्युलिझम या अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेवरच्या एका वैद्यकीय लेखाचं मराठी करते आहे. मी लिहिलं, ‘आयोडीन बॉट्युलिझमचं विष मारतं.’ तपासणाऱ्यांनी ‘मारतं’भोवती लाल गोल काढून शेरा मारलाय: ‘विष सजीव नाही, मरेल कसं?’ शब्द बदलू का?

— त्यांचं शास्त्र बरोबर, मराठी कच्चं. मारायला जीव असावाच लागतो असं नाही. रसवैद्य पारा मारतात, आंबटपणा मारायला गोड घालतात, आपण भूक मारतो. गुण घालवणे हाच अर्थ. (‘वास मारतो’ मात्र नेमका उलटा, तो सोडा.) हे विष म्हणजे प्रथिन. आयोडीन त्यातल्या टायरोसिन या घटकाला चिकटतं, प्रथिनाची घडण बिघडते, विषाचा गुण जातो. 1890च्या दशकात प्रतिविष मिळवण्यासाठी घटसर्पाचं विष घोड्यांना टोचण्याआधी आयोडीननेच सौम्य करत. तेव्हा ‘विष मारतं’ चालेल.

— बोलण्यात चालेल, लेखात नको. ‘मारतं’ वाचून वाचक जंतू मेले असं धरून चालेल. इथे जंतू वेगळा, त्याचे बीजाणू (म्हणजे त्याचं टणक, टिकाऊ रूप) वेगळे, त्याने बनवलेलं विष वेगळं. विष 85 अंशांवर पाच मिनिटांत निकामी होतं. बीजाणूंना दाबाखाली 121 अंश लागतात, आणि आयोडीनलाही ते सहजी दाद देत नाहीत. शिवाय हे सगळं शरीराबाहेरचं. विषबाधा होऊन पापण्या मिटू लागल्या, एकाचे दोन दिसू लागले, की उपाय प्रतिविषाचा, आयोडीनचा नव्हे. हे वाक्यात आलं नाही तर कुणीतरी टिंक्चरची बाटली तोंडाला लावेल.

— ‘बॉट्युलिझम’चा बोटांशी संबंध आहे का? भाबडा प्रश्न आहे, माफ करा.

— नाही हो. लॅटिन ‘बोटुलुस’ म्हणजे आतड्यात मांस भरून केलेलं सॉसेज. जर्मनीतल्या युस्टिनुस केर्नर या डॉक्टर-कवीने 1820च्या सुमारास सॉसेजच्या विषबाधेची लक्षणं बारकाईने नोंदवली. गंमत म्हणजे बेल्जियमच्या व्हान एर्मेंगेम या जंतुशास्त्रज्ञांना 1895 साली जंतू सापडला तो हॅममध्ये, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांडीत, पण नाव सॉसेजचंच राहिलं. आयोडीनचं नाव तरी दिसण्यावरून पडलंय: ग्रीकमध्ये जांभळ्या रंगाचं. स्फटिक तापवले की निघणारी वाफ पाहा.

— आभार. असं केलंय: ‘आयोडीन हे विष शरीराबाहेर निष्क्रिय करू शकतं, बीजाणू मात्र टिकू शकतात.’ ‘मारतं’ काढताना जिवावर आलं.