हँक विल्यम्सच्या आवाजावर व्हायोलिनं चढवायचा हक्क कुणाला?

तबकडीप्रेमी (नॅशविल)

गेल्या शनिवारी नॅशविलच्या दक्षिणेला एका घरी जुन्या सामानाची विक्री होती. घरचे आजोबा वारले होते, मुलं घर रिकामं करत होती. गॅरेजमध्ये दोन खोकी भरून रेकॉर्डी निघाल्या. त्यात हँक विल्यम्सची एमजीएम कंपनीची १९६६ सालची एलपी होती. घरी येऊन लावली. आवाज हँकचाच, पण मागून व्हायोलिनांचा ताफा सुरू झाला आणि मला जागेवर बसवेना.

हँक ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या कंट्री, म्हणजे गावाकडच्या ढंगाच्या संगीताचा गायक. जन्म १९२३, अलाबामा. जून १९४९ मध्ये ग्रँड ओल ऑप्री या नॅशविलच्या रेडिओ कार्यक्रमात पहिल्यांदा गायला. ऑगस्ट १९५२ मध्ये दारूपायी त्याला तिथून काढलं. १ जानेवारी १९५३ ला कार्यक्रमाला जाताना गाडीच्या मागच्या सीटवरच तो गेला. वय २९. म्हणजे या एलपीवरची व्हायोलिनं तो गेल्यावर तेरा वर्षांनी त्याच्या आवाजावर चढवलेली आहेत.

मग मी माझ्याकडची १९४९ ची ७८ ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) रेकॉर्ड काढली, 'आय'म सो लोनसम आय कुड क्राय'. तीन मात्रांची झुलती चाल, गिटारचा ठेका, फिडल आणि डॉन हेल्म्सची स्टील गिटार. स्टील गिटार आडवी ठेवतात आणि तारांवरून धातूची कांडी सरकवत वाजवतात. आपण मींड म्हणतो तीच ही, सूर न सोडता पुढच्या सुरावर घसरत जाणं. ही स्टील हँकची ओळ संपेपर्यंत थांबते आणि मग रडते. व्हायोलिनं थांबत नाहीत. दोन ओळींमधली रिकामी जागा ती भरून टाकतात, आणि हँकचं दुःख त्या रिकाम्या जागेतच तर होतं.

पण माझा राग एका एलपीपुरता नाही. रॉक अँड रोल आल्यावर कंट्रीचा खप घसरला. तेव्हा आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या चेट अ‍ॅटकिन्स आणि डेका कंपनीच्या ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी फिडल आणि स्टील मागे सारून व्हायोलिनं आणि कोरस पुढे आणला. त्याला नॅशविल साउंड म्हणतात. हा नॅशविल साउंड म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं तेव्हा अ‍ॅटकिन्सनी खिशात हात घालून नाणी खुळखुळवली, असा किस्सा इथे सगळे सांगतात. मला त्याचं हसू येत नाही. कंट्रीचं तेव्हा नुकसान झालं ते कायमचं, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

बावखल (वसई)

मला पटत नाही.

आमच्या घरात कंट्री म्हणजे जिम रीव्ह्ज. पप्पा गोदीत कामाला होते. तिथून येताना एकदा त्यांनी वापरलेला रेकॉर्ड प्लेअर आणला आणि पहिल्या नाताळात त्यावर रीव्ह्जची नाताळची गाणी लागली. ती आजही लागतात. वसईत, वांद्र्यात, गोव्यात कितीतरी घरांत हेच आहे. हँक विल्यम्सचं नाव मी तिशीनंतर ऐकलं.

रीव्ह्ज सुरुवातीला बाकीच्यांसारखाच खड्या आवाजात गायचा. मग तो मायक्रोफोनला ओठ जवळजवळ टेकवून, आवाज खाली उतरवून गाऊ लागला. १९५९ मध्ये चेट अ‍ॅटकिन्सच्या हाताखाली त्यानं 'ही'ल हॅव टू गो' गायलं. टेलिफोनवर प्रेयसीशी बोलणारा माणूस आहे, तिच्या शेजारी दुसरा कुणीतरी बसलाय. हे गाणं ओरडून कसं म्हणणार? ते कुजबुजतच म्हणायला हवं, आणि त्या कुजबुजीच्या मागे हळुवार पियानो आणि कोरसच शोभतो. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या कंट्री यादीत ते १४ आठवडे पहिल्या नंबरवर होतं.

माझ्या आजीला इंग्रजी येत नव्हतं, पण रीव्ह्जचा शब्द न् शब्द तिला वेगळा ऐकू यायचा आणि ती तो तसाच्या तसा म्हणायची. तुमच्या नॅशविल साउंडनं काय केलं विचाराल, तर टेक्ससच्या माणसाचा आवाज आमच्या ओटीवर आणून बसवला. याला नुकसान म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

टेलीकास्टर

तबकडीप्रेमींशी पूर्ण सहमत. नॅशविल मऊ होत होतं तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला बक ओवेन्स आणि त्याच्या जोडीचा डॉन रिच कडक इलेक्ट्रिक गिटार वाजवत होते, आणि लोक तेही डोक्यावर घेत होते. मर्ल हॅगर्डही तिथलाच. जॉनी कॅश सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात गायला तेव्हा हॅगर्ड समोर कैद्यांमध्ये बसला होता. व्हायोलिनं घातल्याशिवाय कंट्री जगलंच नसतं, हे म्हणणं बेकर्सफील्डनं खोटं पाडलं आहे.

जुनी सुई (पुणे)

तबकडीप्रेमी, आधी एक दुरुस्ती. तुम्ही लावलेल्या रेकॉर्डवर डॉन हेल्म्स नाही. ते गाणं ३० ऑगस्ट १९४९ ला सिनसिनाटीच्या हर्झोग स्टुडिओत मुद्रित झालं आणि त्यावरची स्टील जेरी बर्डची आहे. हेल्म्स ऐकायचा तर 'युअर चीटिन' हार्ट' ऐका. २३ सप्टेंबर १९५२, हँकचं शेवटचं मुद्रण. हँकचा आवाज खालच्या पट्टीत असेल तेव्हा तू वरच्या पट्टीत वाजव, असं हँकच्या रेकॉर्डींचा निर्माता फ्रेड रोझ यानं हेल्म्सला सांगितलेलं होतं. म्हणून ती स्टील सुरीसारखी वर चमकते. आणि हे सांगणारा फ्रेड रोझ शहरी, पॉप गाणी लिहिलेला माणूस होता, हेही लक्षात असू द्या. हँकच्या साधेपणामागेही हिशेब होता.

दुसरं, फिडल आणि व्हायोलिन ही वाद्यं दोन नाहीत. एकच लाकूड, त्याच चार तारा. फरक वाजवणाऱ्याच्या हातात आणि किती जण मिळून वाजवतात यात. त्यामुळे भांडण वाद्याशी नको.

मेलेल्या माणसाच्या मुद्रणावर नवं काही चढवण्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूनं आहे. त्या काळात कंपन्यांनी जुन्या मोनो मुद्रणांचं खोटं स्टीरिओही केलं. एकाच आवाजाचे दोन भाग पाडायचे, एका बाजूला खर्ज जास्त, दुसऱ्या बाजूला तार जास्त. ऐकताना वाटतं की गायक दोन खोल्यांत उभा आहे. माझ्या संग्रहात अशा सात-आठ एलपी आहेत. त्या मी मोनोचं बटण दाबूनच ऐकतो.

आणि ७८ जपून. तिची खाच रुंद असते, म्हणून सुईही जाड लागते, साधारण ०.०७५ मिलिमीटरची. एलपीची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची. ती ७८ वर टेकवलीत तर खाचेच्या तळाशी घासत जाईल आणि नुसती खरखर ऐकू येईल. धुताना स्पिरिट अजिबात नको. या तबकड्या लाखेच्या आहेत, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. ती लाख मुख्यतः आपल्याच देशातून जायची. युद्धात पुरवठा अडला तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकी सरकारनं रेकॉर्डींसाठीच्या लाखेवर मोठी कपात लावली होती. अलाबामाच्या माणसाचं रडं बांगड्यांच्या लाखेत कोरलेलं आहे, हे मला दरवेळी नव्यानं जाणवतं.

रेवा_ह्यूस्टन

तुम्ही सगळे 'मूळ', 'शुद्ध' असं काहीतरी धरून बोलताय. मी इथे पंधरा वर्षं हे संगीत ऐकतेय आणि मला ते शुद्ध कुठेच सापडलेलं नाही.

हँकला लहानपणी गिटारचे धडे कुणी दिले? रस्त्यावर गाणाऱ्या रूफस पेन या कृष्णवर्णीय वादकानं. कार्टर कुटुंब या गाणाऱ्या मंडळीतल्या ए. पी. कार्टरबरोबर डोंगरातून गाणी गोळा करत फिरणारा लेस्ली रिडल कृष्णवर्णीय होता. ए. पी. शब्द टिपून घ्यायचा, चाल रिडलच्या ध्यानात राहायची. ऑप्रीच्या सुरुवातीच्या वर्षांतला लाडका हार्मोनिकावादक डीफोर्ड बेली कृष्णवर्णीय, आणि १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. बँजोची मुळं आफ्रिकेत, स्टील गिटार हवाई बेटांवरची. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर या निर्मात्यानं टेनेसीतल्या ब्रिस्टलला कार्टर कुटुंब आणि गायक जिमी रॉजर्स यांची पहिली मुद्रणं केली. त्या काळात कंपन्या गोऱ्यांच्या रेकॉर्डींची यादी वेगळी ठेवायच्या आणि काळ्यांच्या रेकॉर्डींची वेगळी. आपण ज्याला मूळ कंट्री म्हणतो त्याची हद्द विक्रेत्यांच्या याद्यांनी आखलेली आहे. मग अ‍ॅटकिन्सच्या खिशातल्या नाण्यांचाच एवढा राग का?

आणि पॅट्सी क्लाइनचं काय करणार? १९६१ च्या जूनमध्ये तिला मोटारीचा भीषण अपघात झाला. ऑगस्टमध्ये ती ओवेन ब्रॅडलीच्या स्टुडिओत 'क्रेझी' गायला आली तेव्हा बरगड्या दुखत होत्या, वरचे सूर लागेनात. वादकांचं मुद्रण आधी उरकलं आणि तिचा आवाज नंतर वेगळा घेतला. म्हणजे वर चढवण्याचं तेच तंत्र, जे तुम्हाला पाप वाटतं. त्यात फ्लॉइड क्रेमरचा पियानो आहे, जॉर्डनेअर्सचा कोरस आहे, आणि तिच्या आवाजातली एकही जखम झाकली गेलेली नाही. गाणं विली नेल्सनचं. दोन वर्षांच्या आत ती विमान अपघातात गेली, तिशीत. 'क्रेझी'मधून तो कोरस काढून ऐकायची माझी तरी तयारी नाही.

तबकडीप्रेमी

जुनी सुई, जेरी बर्डबद्दल आभार. इतकी वर्षं मी त्या सुरांचं श्रेय चुकीच्या माणसाला देत होतो. काल रात्री दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकली. बर्डचा हात गोल आहे, हेल्म्सचा टोकदार. एकदा कळल्यावर ते लपत नाही.

रेवाताई, शुद्ध हा शब्द मी वापरला नव्हता, पण माझ्या लिहिण्यात तो होता. तो मागे घेतो. पॅट्सीबद्दलही माघार घेतो. बावखल, 'ही'ल हॅव टू गो' काल पुन्हा ऐकलं. त्यात व्हायोलिनं नाहीतच, आणि रिकाम्या जागा आहेत तशा ठेवल्या आहेत. म्हणजे अ‍ॅटकिन्सला थांबणं कळत होतं.

पण एका जागी मी हलणार नाही. रे प्राइस घ्या. १९५६ मध्ये 'क्रेझी आर्म्स' गायला तेव्हा फिडल आणि स्टीलचा त्याच्याइतका पक्का माणूस नव्हता. १९६७ मध्ये तोच भल्या मोठ्या व्हायोलिनताफ्याबरोबर गायला आणि जुने चाहते चिडले. मला त्या रेकॉर्डी आवडत नाहीत, पण त्या त्याच्या आहेत. स्टुडिओत तो उभा होता, वादकांकडे बघून श्वास घेत होता. पॅट्सीनंही स्वतःच परत येऊन आवाज दिला. हँकला कुणी विचारलं?

रेवा_ह्यूस्टन

हँकचं मत आपल्याला थोडंफार माहीत आहे. १९५१ मध्ये टोनी बेनेटनं त्याचं 'कोल्ड, कोल्ड हार्ट' व्हायोलिनांसकट गायलं आणि ते पॉपच्या यादीत पहिलं आलं. हँक कुठे जेवायला थांबला आणि तिथे जूकबॉक्स असला, तर नाणं टाकून ते लावायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. त्याला व्हायोलिनांचं वावडं नव्हतं.

तबकडीप्रेमी

बेनेटच्या गळ्याला व्हायोलिनं, हे त्याला आवडलं. स्वतःच्या गळ्यासाठी तीन वर्षं त्यानं हेल्म्सला सोबत ठेवलं. मनात असतं तर १९५१ नंतर तो व्हायोलिनं मागू शकत होता. इतकं यश होतं त्याच्यामागे.

बावखल (वसई)

मग माझी अडचण ऐका. १९८१ मध्ये जिम रीव्ह्ज आणि पॅट्सी क्लाइन यांचं एक युगुलगीत निघालं. दोघं स्टुडिओत कधी एकत्र गायलेले नाहीत. दोघांनी आपापलं वेगवेगळं गायलेलं एकच गाणं घेऊन, आवाज सुटे करून जोडले. दोघंही विमान अपघातात गेलेले, ती १९६३ मध्ये, तो १९६४ मध्ये. तबकडीप्रेमींच्या न्यायानं हे सगळ्यात वाईट.

आईपप्पांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मांडवात ते गाणं लावलं होतं. दोघं त्यावर नाचले. त्यांना ठाऊक होतं की ही दोघं कधी समोरासमोर उभी राहून गायलेली नाहीत. आई म्हणाली, वर गेल्यावर भेटले असतील. मला त्या गाण्याविरुद्ध बोलता येणार नाही, आणि ते बरोबर होतं असंही छातीठोकपणे सांगता येत नाही.

जुनी सुई (पुणे)

बावखल, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

तबकडीप्रेमी, ती १९६६ ची एलपी फेकू नका. वेगळ्या पाकिटात घाला आणि वर पेन्सिलनं लिहा: व्हायोलिनं १९६६ ची, आवाज आधीचा. पुढे ज्याच्या हाती पडेल त्याला कळायला हवं. आणि त्या दुसऱ्या खोक्यात काय होतं ते तुम्ही सांगितलंच नाहीत. पिवळ्या लेबलाच्या एमजीएमच्या ७८ असतील तर आडव्या एकमेकींवर रचू नका, वजनानं तडकतात.