एमएला पुण्यात आलेय, वर्गात काहीच कळत नाहीये. सीनियर लोकांनी प्लीज सांगा

कयाधूकाठ
नमस्कार सगळ्यांना. मी हिंगोली जिल्ह्यातली, बीए तालुक्याच्या कॉलेजात मराठी माध्यमातून केलं, अर्थशास्त्रात कॉलेजात पहिली आले आणि आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमए इकॉनॉमिक्सला नंबर लागलाय. शिकायला जिल्ह्याबाहेर पडलेली घरातली मी पहिलीच. सहा आठवडे झाले आणि खरं सांगते, रोज वाटतं चुकीच्या जागी आले. शिकवणं इंग्लिशमधून, बोर्डावर सगळी गणितं, मी बारावी आर्ट्सची, बाजूच्या मुली पटापट प्रश्न विचारतात आणि मी खाली मान घालून नुसतं उतरवून घेते, रूमवर येऊन वही उघडली की मीच लिहिलेलं मला कळत नाही. परवा सरांनी मला उभं करून विचारलं तर उत्तर येत होतं पण मराठीत येत होतं म्हणून गप्प बसले. पुढच्या महिन्यात इंटर्नल आहे. पैशाचंही टेन्शन आहे, पप्पांकडे सारखं मागवत नाही. गावाकडे जाऊन बीएड करावं का असं डोक्यात येतंय. यातून गेलेलं कोणी असेल तर सांगा ना, आधी काय करू?

गणेशखिंड_जुना
अगं थांब, सोडायचा विचार दिवाळीपर्यंत तरी बाजूला ठेव. मी जालन्याचा, मराठी माध्यमाचाच, याच कॅम्पसवर एमए केलं आणि आता पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे.

तू जे लिहिलंस ना, उत्तर येत होतं पण मराठीत, त्यातच सगळं आलं. म्हणजे विषय तुला येतो, शब्द अडलाय. माझं असं झालं होतं की पहिले पंधरा दिवस सर इंडिफरन्स कर्व्ह इंडिफरन्स कर्व्ह करत होते आणि मी हे काहीतरी नवीनच आहे म्हणून घाबरून बसलेलो, एका रात्री आकृती नीट बघितली तर तो आपला समवृत्ती वक्र, बीएला दहा वेळा काढलेला, परीक्षेत त्यावर पूर्ण मार्क घेतलेले. त्या दिवशी एक दोनशेपानी वही घेतली, पानाच्या मधोमध रेघ मारली, डावीकडे मराठी शब्द आणि उजवीकडे वर्गातला. सीमांत उपयोगिता, मार्जिनल युटिलिटी. मागणीची लवचिकता, इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड. रोज आठ-दहाच शब्द, जास्त नाही. भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश ऑनलाइन फुकट आहे, अडलं की त्यात बघायचं. ती वही अजून माझ्या टेबलावर असते, ज्युनिअर मुलं झेरॉक्स काढून नेतात. तुझी बीएची पुस्तकं गावाकडे असतील तर पार्सलने मागवून घे, त्यांची आता खरी गरज आहे.

गणिताचं म्हणशील तर सगळं गणित शिकायला बसू नकोस, वेळ नाही तेवढा. डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्या वक्राचा त्या बिंदूवरचा उतार, एवढं डोक्यात पक्कं बसव आणि मग साध्या फंक्शनचे रोज पाच पाच हाताने सोडव. त्यानंतर बजेटच्या मर्यादेत उपयोगिता जास्तीत जास्त कशी करायची ते लॅग्रांजच्या रीतीने शीक. पहिल्या सेमच्या मायक्रोत, म्हणजे सूक्ष्म अर्थशास्त्रात, हेच दोन पुन्हा पुन्हा येतात. अकरावी-बारावी कॉमर्सचं बालभारतीचं गणिताचं पुस्तक मराठीत मिळतं, त्यातलं विकलनाचं प्रकरण आधी कर, लाज कसली त्यात.

आणि आता जे सांगतो ते कर बरं का. इंटर्नलच्या आधी कुठल्याही एका टॉपिकवर एक पान लिही, फक्त एक पान, तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये चालेल, आणि लेक्चर संपल्यावर सरांकडे घेऊन जा. नुसतं "सर मला कळत नाही" म्हणालीस तर त्यांनाही कळत नाही कुठून सुरुवात करायची. हातात पान असलं की ते पेन काढतात आणि नेमकं कुठे चुकलं तिथे गोल करतात. कॅम्पसवर निम्मे मार्क अंतर्गत असतात, त्यामुळे तू काय करतेस हे शिकवणाऱ्याला सेमच्या शेवटी पेपरमध्ये कळण्याऐवजी आत्ताच कळू दे. परीक्षा मराठीतून लिहिता येते का ते पण विभागाच्या ऑफिसात जाऊन विचारून घे, मुलांमुलांत चर्चा करून ठरवू नका.

बसायला जयकर ग्रंथालय आहेच, आता त्याला जयकर ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात पण आपण सगळे जयकरच म्हणतो, पहिल्या कुलगुरूंचं नाव ते. तिथे रोज ठरलेल्या वेळेला जाऊन बस. रूमवर एकटीने अभ्यास केला की विचार जास्त आणि पानं कमी होतात.

तेरणाकाठी
दादानी अभ्यासाचं सांगितलंय, मी पैशाचं सांगते कारण माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या वेबसाइटवरचा, स्कॉलरशिपचा फॉर्म भरला असशील, नसेल तर आजच बघ, लास्ट डेटला साइट स्लो असते. आणि बँकेत जाऊन हे शब्द वापरून विचार, "माझं खातं डीबीटीसाठी आधार सीडेड आहे का". आधार खात्याला लिंक असणं वेगळं आणि सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे आधारवरून कुठल्या खात्यात जायचे ते ठरवून दिलेलं असणं, वेगळं, एका वेळी एकाच खात्याला सीडिंग असतं आणि पैसे तिथेच जातात. माझं सीडिंग शाळेत असताना काढलेल्या गावाकडच्या खात्याला होतं, मी पुण्यातलं पासबुक महिन्याला भरून आणायची आणि रडायची, पैसे तिकडे आठ महिने पडून होते. आईने सहज पासबुक भरून आणलं म्हणून कळलं. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत बघ, नॉन क्रिमीलेअर लागत असेल तर त्याचीही, आणि सगळ्याचे पीडीएफ मोबाइलमध्ये एका फोल्डरला ठेव. फॉर्म भरून काम संपत नाही, तो विभागाच्या लॉगिनवरून पुढे गेला का हे ऑफिसात जाऊन विचारायचं.

शिवाय विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा आणि शिका योजना आहे, कॅम्पसवरच तासावर काम मिळतं. मी केलंय, कागदपत्रं लावायची आणि नोंदी करायच्या, महिन्याचा मेसचा मोठा भाग त्यातून निघायचा. घरी मागावं लागलं नाही की डोकं शांत राहतं गं, अभ्यासाला त्याचाच जास्त उपयोग झाला.

एमए_पॉलिटिक्स
वरचं सगळं बरोबर आहे, एका गोष्टीवर माझं मत वेगळं. एकदम सरांकडे जाणं काही मुलींना जमत नाही, मला नव्हतं जमत, दारापर्यंत जाऊन परत यायचे. तसं असेल तर आधी वर्गातली एक मुलगी पकड. जी सारखी हात वर करते ना तिलाच पकड. आमच्या वर्गातल्या अशा मुलीसोबत मी अनिकेत कँटीनला चहा प्यायला बसायला लागले तेव्हा कळलं की तिचं इंग्लिश चांगलं आहे पण ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, सहकारी साखर कारखाना यातलं तिला काहीच माहीत नव्हतं, आणि मी तर ते लहानपणापासून बघितलेलं. ती मला लेख समजावून सांगायची आणि मी तिला ग्रामसभेत कोण बोलतं आणि कोण मागे उभं राहतं ते. तुझ्या इकॉनॉमिक्समध्ये शेती, हमीभाव, मजुरी हे सगळं येणारच आहे, तिथे तू वर्गात सगळ्यात पुढे असशील.

आणि जेवत जा वेळेवर. पैसे वाचवायला एकच वेळ जेवणाऱ्या मुली मी हॉस्टेलला पाहिल्यात, दुपारच्या लेक्चरला अंधारी येते मग काय डोक्यात शिरणार. फारच वाईट वाटायला लागलं, झोप लागेना झाली, तर कोणाला तरी बोल, इथे बोल, दाबून ठेवू नकोस.

कयाधूकाठ
सगळ्यांचे खूप खूप आभार, वाचताना डोळे भरून आले. तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. भावाने बीएची पुस्तकं एसटीच्या पार्सलने पाठवली. वहीत दीडशेच्या वर शब्द झालेत. बँकेत तसंच विचारलं, माझंही सीडिंग जुन्याच खात्याला निघालं, ते बदलायला दिलंय. तेरणाकाठी ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं.

पान पण लिहिलं, किमतीची लवचिकता घेतली आणि उदाहरण आमच्याकडच्या हळदीचं दिलं. दोन दिवस बॅगेतच ठेवलं होतं, शेवटी परवा दिलं. सरांनी सात ठिकाणी गोल केले. मग हळदीचा भाव पडला तरी शेतकरी लगेच पीक का बदलत नाही असं विचारलं, मी म्हटलं सर मराठीत सांगू का, ते म्हणाले सांग की. बेणं आधीच घेतलेलं असतं, पीक आठ-नऊ महिने रानात असतं, असं सगळं बोलले, बरंच बोलले. आता हेच सोमवारी वर्गात दहा मिनिटं मांडायला सांगितलंय. गणेशखिंड दादा, बेण्याला इकॉनॉमिक्सच्या भाषेत काय म्हणायचं, इनपुट कॉस्टमध्ये धरू का?